स्वतःच्या नाकावर प्रयोग करणारा वैद्य : डॉ. चार्ल्स ब्लॅकली

गणपतींचे विसर्जन होऊन गेले, की आमच्या कलघटगीच्या आसपासची माळराने गवताच्या तुऱ्यांनी भरून जातात. एकीकडे हुबळीकडची कोरडी पठारी जमीन आणि दुसरीकडे यल्लापूरच्या वाटेवर सुरू होणारा मलनाडचा झाडझाडोरा, अशा दोहोंच्या सीमेवर हा गाव वसलेला आहे. मक्याची शेते, भाताची खाचरे, बांधावरचे गवत आणि सडकेच्या कडेने माजलेले काँग्रेस गवत ही सारी त्या सुमारास फुलावर असतात. पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे पारणे फिटावे अशी ती शोभा असते. परंतु काहींचे डोळे मात्र त्या दिवसांत पारणे फिटून नव्हे, तर खाजून खाजून लाल होतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. अभ्यासात नीटस, अक्षर सुरेख. पण पावसाळा सरत आला की ती चार दिवस येई आणि दोन दिवस गैरहजर राही. आली की नाकाला रुमाल लावून बसे, आणि एकदा शिंका सुरू झाल्या की दहा-पंधरा शिंकांवाचून थांबत नसे. वर्गात हशा पिके. एके दिवशी कविता शिकवण्यात आमचा असा तीन वेळा भंग झाला, तेव्हा आम्ही तिला शिंका संपेपर्यंत बाहेर उभे राहण्यास सांगितले. ती निमूटपणे बाहेर जाऊन व्हरांड्याच्या टोकाशी उभी राहिली. तेथून दोन हातांवर काँग्रेस गवताचे कमरेइतके उंच रान पांढऱ्या फुलांनी डवरून उभे होते. तास संपल्यावर आम्ही बाहेर आलो, तेव्हा त्या मुलीला धड श्वासही घेता येत नव्हता.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वनस्पतिशास्त्राशी आमचा संबंध फुले पाहण्यापुरता. पण त्या दिवसाची टोचणी मनास लागून राहिली, आणि या शिंकांचे मूळ कोठे आहे हे शोधता शोधता ज्या एका इंग्रज वैद्याच्या चरित्रापाशी आम्ही येऊन थांबलो, त्याची हकीकत आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. पाश्चर किंवा जेन्नर यांच्याप्रमाणे त्याचे नाव शालेय पुस्तकांत आढळत नाही. तथापि परागकणांमुळे होणाऱ्या विकारांचा अभ्यास करणारा जगातील कोणताही वैद्य त्याला आपल्या शास्त्राचा आद्य पुरुष मानतो.

चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली यांचा जन्म सन १८२० मध्ये इंग्लंडातील लँकेशायर परगण्यातल्या बोल्टन या गावी झाला. बोल्टन आणि त्याच्या शेजारचे मँचेस्टर ही दोन्ही कापडगिरण्यांची गावे. येथे थोडे विषयांतर करून सांगावेसे वाटते, की या परगण्याशी आपल्या धारवाड जिल्ह्याचा एके काळी चांगलाच व्यवहार होता. सन १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा धारवाड-हुबळीकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. कापसाच्या गाड्यांच्या रांगा घाट उतरून कुमठ्याच्या बंदराला लागत आणि तेथून तो माल जहाजाने पुढे जाई. आम्ही मूळचे घाटाखालचे, म्हणून त्या गाड्यांच्या गोष्टी आमच्या घरी कोंकणीतून पुष्कळ ऐकल्या आहेत. ज्या वर्षांत त्या गाड्या आपल्याकडून घाट उतरत होत्या, त्याच वर्षांत मँचेस्टरमध्ये ब्लॅकली स्वतःच्या नाकात परागकण घालून घेत होते.

परंतु ते वैद्य झाले ते फार उशिरा. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे तरुणपणी त्यांना मँचेस्टरच्या ब्रॅडशॉ आणि ब्लॅकलॉक या छापखान्यात उमेदवारी करावी लागली. आगगाड्यांच्या वेळापत्रकासाठी पुढे जगभर गाजलेला ब्रॅडशॉ तो हाच. तेथे मुद्रणाचे व ठसे कोरण्याचे काम ब्लॅकली शिकले. दिवसभर शाईत हात माखलेले असत आणि संध्याकाळी मात्र ते कामगारांसाठी चालणाऱ्या वर्गांत जाऊन बसत. रसायन, वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मदर्शक यंत्राचा उपयोग या गोष्टी त्यांनी अशा रीतीने, पोटाचा उद्योग सांभाळून, थोड्या थोड्या करून मिळवल्या. ग्रीक भाषेचाही त्यांनी अभ्यास केला. कोरीव काम करणाऱ्याची नजर सूक्ष्म असते आणि हात स्थिर असतो. पुढे काचेवर पडलेले परागकण एकेक करून मोजण्याच्या कामी ही छापखान्यातली कमाईच त्यांच्या उपयोगी पडली असावी, असे आम्हांस वाटते.

वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, म्हणजे १८५५ साली, ज्या वयात बहुतेक माणसे आपल्या उद्योगात स्थिर होऊन बसतात, त्या वयात हा गृहस्थ छापखाना सोडून वैद्यकाच्या विद्यालयात दाखल झाला. वयाने कितीतरी लहान असलेल्या सहाध्यायांबरोबर बसून त्याने तो अभ्यासक्रम पुरा केला आणि १८५८ साली शल्यवैद्यांच्या महामंडळाची सनद मिळवली. त्यानंतर मँचेस्टरच्या ह्यूम भागात त्यांनी आपला दवाखाना उघडला. ब्लॅकली होमिओपॅथी पंथाचे होते. त्या काळी विलायतेतील प्रतिष्ठित वैद्य या पंथाकडे तुच्छतेने पाहत. तेव्हा मोठमोठ्या रुग्णालयांतून त्यांना मान मिळण्याचा संभव नव्हता, आणि प्रयोगशाळा तर नव्हतीच. त्यांच्यापाशी एकच गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे स्वतःचे दुखणे.

दर वर्षी जून महिना आला, विलायतेतील कुरणांत गवत फुलले, की ब्लॅकलींना शिंका सुरू होत. डोळे चुरचुरत, नाक चोंदे, छाती घरघरू लागे, रात्री झोप येईनाशी होई. सुमारे दोन महिने हे चाले आणि मग जसे आले तसे निघून जाई. हे दुखणे त्यांच्या एकट्याचे नव्हते. लंडनचे एक वैद्य जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ साली आपल्या स्वतःच्याच अशा आजाराची हकीकत वैद्यांच्या सभेपुढे वाचली होती. त्यांना तो आठव्या वर्षापासून जडला होता. अशी आणखी माणसे कोठे आहेत याचा शोध त्यांनी जवळजवळ नऊ वर्षे केला, तेव्हा १८२८ सालापर्यंत त्यांना अवघे २८ रोगी सापडले. लोक त्या आजाराला गवताचा ताप म्हणू लागले होते. त्यात खरा ताप नसतो, पण नाव तेच रूढ झाले. मराठीत आपण त्यास परागज ज्वर म्हणतो. मात्र बॉस्टॉक यांना स्वतःला गवताचा हा समज पटला नाही. उन्हाळ्याची उष्णता हेच कारण असे त्यांचे मत होते. एका उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे समुद्रकाठच्या कड्यावर जाऊन राहिल्यावर त्यांना बरे वाटले, त्याचेही श्रेय त्यांनी थंड हवेलाच दिले. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात परागकण फारसे नसतात, हे कोणाच्या ध्यानात येण्यास अजून अवकाश होता.

बॉस्टॉक यांच्यानंतर तर मतांचा बाजारच भरला. कोणी म्हणे हा उन्हाचा दोष, कोणी म्हणे ओझोन वायूचा, कोणी म्हणे धुळीचा, कोणी म्हणे कापलेल्या गवताच्या वासाचा. हेल्महोल्ट्झ यांच्यासारख्या थोर जर्मन शास्त्रज्ञाने, जो स्वतः या आजाराने गांजलेला होता, नाकातले जंतू हे कारण समजून त्यावर क्विनीनचे पाणी वापरून पाहिले. जॉन एलियट्सन नावाच्या वैद्याने १८३१ च्या सुमारास गवताच्या फुलांकडे, त्यांतील परागाकडे बोट दाखवले होते. पण बोट दाखवणे निराळे आणि सिद्ध करणे निराळे. मत सर्वांना होते; पडताळा कोणी घेतला नव्हता.

ब्लॅकली यांनी १८५९ च्या सुमारास हा पडताळा घेण्यास आरंभ केला. त्याला निमित्त झाले एका फुलदाणीचे. खोलीत कोणी तरी गवताचे तुरे खोचून ठेवले होते. ब्लॅकलींचा त्याला धक्का लागला, तुऱ्यांतून बारीक भुकटी उडाली आणि क्षणार्धात शिंकांची सर आली. दुसरा प्रसंग सडकेवरचा. ते गावाबाहेरच्या रस्त्याने चालले असता शेजारून एक गाडी धुरळा उडवीत गेली आणि त्यांना तोच त्रास झाला. आपण असतो तर धुळीला दोष देऊन पुढे गेलो असतो. आम्ही तर इतकी वर्षे आमच्या स्वतःच्या शिंकांचे खापर खडूच्या भुकटीवर फोडीत आलो आहोत. ब्लॅकलींनी मात्र पुन्हा त्याच रस्त्यावर जाऊन त्या धुळीचा प्रत्यय घेतला आणि ती धूळ घरी आणून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्या धुळीत गवताचे परागकण होते. घरातली धूळ नाकात गेल्याने त्यांना असा त्रास होत नसे. तो रस्त्यावरच्या धुळीनेच होई, आणि तोही विशिष्ट ऋतूत, याचा उलगडा येथे झाला.

तरीही एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. ज्या ज्या वस्तूंवर लोकांचा संशय होता, त्या साऱ्या त्यांनी एकेक करून आपल्या नाकाशी नेल्या. वाळलेल्या गवताला जो गोड वास येतो, तो कूमारिन नावाच्या द्रव्यामुळे. ते द्रव्य त्यांनी हुंगले. बेंझोइक आम्लाची वाफ घेतली, सुवासिक तेले हुंगली, ओझोन वायू ओढून पाहिला. कशाकशाने डोके दुखले, कशाने थोडे मळमळले, पण तो ओळखीचा आजार काही उद्भवला नाही. आता उरले ते परागकण.

येथे थांबून पराग म्हणजे काय हे लहान वाचकांना सांगितले पाहिजे. फुलातील पुंकेसरांच्या टोकाशी जे कोश असतात, त्यांत ही भुकटी तयार होते. ती दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसरावर जाऊन पडली म्हणजे बी धरते. जास्वंद, सूर्यफूल, भोपळा यांचा पराग जड आणि चिकट असतो. तो नेण्याचे काम भुंगे व मधमाश्या करतात, म्हणून ही फुले रंग, गंध आणि मध यांचे आमिष मांडून बसतात. गवताला असे काही आमिष लागत नाही, कारण त्याचा वाहक वारा. भात, मका, ज्वारी, ऊस ही सारी गवताच्याच कुळातली. मक्याच्या तुऱ्याला टिचकी मारून पाहा, पिवळा धूर उडतो. वारा आंधळा; तो पराग कोठेही नेऊन टाकतो, म्हणून अशा वनस्पती तो अपरंपार निर्माण करतात. त्यातला काही स्त्रीकेसरावर पडतो आणि काही आपल्या नाकात जातो. गुलाबाच्या वासाने शिंक आली असे ज्यास वाटते, त्याने गुलाबाच्या ताटव्याशेजारचे गवत आधी तपासावे.

ब्लॅकलींनी गवतांचा आणि इतर पुष्कळ वनस्पतींचा पराग गोळा केला, वाळवून ठेवला आणि हंगाम नसतानाही तो नाकात, डोळ्यांत, घशाला लावून पाहिला. गवताच्या परागाने त्यांचा जून महिन्यातला आजार अवेळी, ठरवल्या वेळी, जसाच्या तसा उभा राहिला. एकदा तर त्यांनी तो श्वासाबरोबर पुष्कळसा आत ओढला आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून छातीच्या घुसमटीने बराच काळ तळमळत काढला. वाचकहो, आजार टाळण्यासाठी लोक काय काय करतात हे आपण पाहतो. पण आजार बोलावून आणून, तो कसा येतो, किती वेळाने येतो, कोठून सुरू होतो याची टिपणे घेत बसलेला मनुष्य विरळा.

याच ओघात, सन १८६५ च्या सुमारास, त्यांनी एक प्रयोग असा केला की जो आजही जगभरच्या दवाखान्यांतून रोज केला जातो. देवी टोचताना ओरखडतात त्याप्रमाणे त्यांनी आपल्या हाताची कातडी किंचित खरवडली, तीवर ओलसर पराग ठेवला आणि वर पट्टी बांधली. दुसऱ्या ठिकाणी तसेच खरवडून नुसती ओली पट्टी बांधली. थोड्याच मिनिटांत पराग लावलेल्या जागी कंड सुटून मोठी गांध उठली. नुसत्या पट्टीखाली काहीही झाले नाही. ही दुसरी पट्टी आम्हांला विशेष मोलाची वाटते. ती नसती तर खरवडल्यामुळेच सूज आली असे कोणीही म्हटले असते. ज्याला त्या एका पट्टीचे महत्त्व कळले, त्याला शास्त्राची पद्धत कळली असे आम्ही आमच्या विज्ञानाच्या शिक्षकबंधूंकडून ऐकले आहे आणि ते आम्हांस पटते.

आता प्रश्न राहिला तो असा, की हाताने लावलेल्या परागाने आजार होतो हे खरे. पण हवेत तो खरोखर तेवढा असतो काय? त्यासाठी ब्लॅकलींनी काचेच्या पट्टीवर एक सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनात न सुकणारा चिकट लेप दिला आणि ती पट्टी उघड्या हवेत ठेवली. चोवीस तासांनी ती काढावी, सूक्ष्मदर्शकाखाली धरावी, चौकोनात अडकलेले कण एकेक करून मोजावे आणि वहीत आकडा मांडावा, असा नेम त्यांनी सन १८६६ च्या हंगामात चालवला. एका बाजूला हवेतील परागाचे आकडे आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या आजाराचा चढउतार. मे महिन्यात आकडा हळूहळू चढे, जूनच्या अखेरीस शिगेला पोचे आणि जुलै सरता सरता ओसरे. मध्येच पावसाची सर आली की आकडा एकदम खाली येई आणि त्या दिवशी ब्लॅकलींनाही उतार पडे. वहीतली ती रेषा आणि त्यांचे नाक ही दोन्ही एकाच चालीने चालत होती. उष्णता हेच कारण असते, तर गवताचा बहर ओसरल्यावरही उन्हाच्या दिवसांत त्रास व्हावयास हवा होता. तो होत नसे.

यानंतरची गोष्ट मुलांना फार आवडेल, कारण येथे पतंग येतो. जमिनीपासून उंचावर पराग असतो काय हे पाहण्यासाठी या पंचेचाळिशी ओलांडलेल्या वैद्याने पतंग उडवण्यास सुरुवात केली. एका पतंगाने पुरेशी उंची मिळेना, तेव्हा एकास एक जोडून पतंग चढवले. त्यांबरोबर चिकट लेपाच्या काचपट्ट्या वर पाठवल्या. पट्ट्या झाकलेल्या असत आणि वर पोचल्यावर एका युक्तीने त्यांचे झाकण उघडे, म्हणजे खालच्या हवेतला पराग त्यांत मिसळू नये. पाचशे ते हजार फुटांवरच्या या पट्ट्या खाली उतरवून मोजल्या, तेव्हा जमिनीलगतच्या हवेपेक्षा वरच्या हवेत सरासरीने १९ पट परागकण आढळले. आपण घराची खिडकी लावून घेतली, अंगणातले गवत उपटून टाकले, तरी दूरच्या शेतांचा पराग डोक्यावरून वाहत असतो आणि कोठेही उतरू शकतो, हे त्यातून कळले. मँचेस्टरच्या लोकांनी त्या प्रौढ गृहस्थास पतंगाची दोरी सांभाळताना पाहून काय म्हटले असेल, याची कल्पना करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

ही सारी सामग्री एकत्र करून ब्लॅकलींनी १८७३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच साली चार्ल्स डार्विन यांनी तो वाचून त्यांना पत्र लिहिले. वाऱ्याने पराग कसा व किती दूर वाहून नेला जातो, हा डार्विन यांच्या अभ्यासाचाच विषय होता. पुढे १८७६ साली वनस्पतींच्या फलनावर त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्यात ब्लॅकलींच्या पतंगाच्या प्रयोगाचा दाखला त्यांनी दिला आहे. छापखान्यातून आलेल्या, पंथामुळे बाजूला पडलेल्या त्या वैद्यास या एका पत्राने केवढा आनंद झाला असेल! आणखी एक योगायोग आमच्या वाचनात आला. याच १८७३ साली कलकत्त्यात डेव्हिड कनिंगहॅम या सरकारी डॉक्टरने तेथील तुरुंगांच्या आवारात काचपट्ट्या ठेवून हवेतील सूक्ष्म कणांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्याचा हेतू निराळा होता. पटकी व ताप यांचे कारण हवेत सापडते काय हे त्याला पाहावयाचे होते, आणि ते सापडले नाही. पण आपल्या देशाच्या हवेतील पराग व बुरशीची बीजे यांची चित्रे त्या निमित्ताने प्रथमच कागदावर उतरली.

डार्विन यांनी वाखाणले तरी वैद्यमंडळाने ब्लॅकलींकडे फारसे लक्ष दिले नाही. हा जंतूंच्या शोधाचा काळ होता. प्रत्येक रोगामागे जंतू असलाच पाहिजे असे मानणाऱ्यांना फुलाच्या धुळीने मनुष्य आजारी पडतो हे म्हणणे बालिश वाटे. शिवाय ब्लॅकलींपाशी एक कोडे शिल्लक होते आणि त्यांनी ते लपवून ठेवले नाही. पराग हेच जर कारण, तर जो शेतकरी दिवसभर गवतात राबतो, ज्याच्या अंगावर परागाचा थर बसतो, त्याला हा आजार सर्वांत जास्त व्हावयास हवा. प्रत्यक्षात उलट दिसे. त्यांना भेटलेले रोगी बहुतेक सुशिक्षित वर्गातले, धर्मोपदेशक, वैद्य असे होते, शेतकरी क्वचित. शिक्षणामुळे मज्जासंस्था नाजूक होते म्हणून असे होते, की सतत परागात राहिल्यामुळे शेतकऱ्याचे शरीर त्याला सरावते म्हणून, या दोन्ही शक्यता त्यांनी मांडल्या. शिक्षणाने नाक बिघडते हा पहिला तर्क आम्हां शिक्षकांना मानवणारा नाही आणि तो टिकलाही नाही. दुसऱ्यात मात्र तथ्याचा अंश होता. शेतावर, गुराढोरांच्या सान्निध्यात ज्यांचे अगदी बालपण गेले, त्यांच्यात असे विकार कमी आढळतात, हे गेल्या काही दशकांत युरोपातील अभ्यासांतून पुढे आले आहे. तेथेही ते कमी आढळतात एवढेच. मुळीच आढळत नाहीत असे नव्हे. आमची ती विद्यार्थिनी शेतकऱ्याचीच मुलगी होती.

ब्लॅकलींनी १८८० साली ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली. रोगाचे कारण त्यांना सापडले होते, पण उपाय सापडला नव्हता. होमिओपॅथीच्या गोळ्यांनीही त्यांचा स्वतःचा आजार गेला नाही. सन १९०० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले, तेव्हा त्यांचे म्हणणे मानणारे थोडे आणि विसरलेले पुष्कळ होते.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी जर्मनीत हॅम्बुर्ग येथे डनबार यांनी परागावर प्रयोग करून तेच निष्कर्ष पुन्हा काढले. सन १९०६ मध्ये व्हिएन्नाचे पिर्के यांनी अशा विपरीत प्रतिक्रियेला ॲलर्जी हे नाव दिले. सन १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात लेनर्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून चढत्या क्रमाने टोचून रोग्यांची सहनशक्ती वाढवण्याचा उपचार प्रसिद्ध केला. तो सुधारलेल्या स्वरूपात आजही केला जातो. शरीरात नेमके काय घडते याचा उलगडा होण्यास मात्र १९६६-६७ साल उजाडावे लागले. तेव्हा इशिझाका पतिपत्नींनी अमेरिकेत आणि स्वीडनमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे आयजीई नावाचे प्रतिद्रव्य शोधून काढले. परागातील निरुपद्रवी प्रथिनाला शरीर शत्रू समजते, त्याच्याविरुद्ध हे प्रतिद्रव्य तयार करून नाकाच्या व डोळ्यांच्या त्वचेतील विशिष्ट पेशींवर पहारेकऱ्यासारखे बसवते, आणि पुन्हा तो पराग आला की त्या पेशी हिस्टामिन हे द्रव्य सोडतात. कंड, सूज, पाणी, शिंका हे सारे त्याचे प्रताप. म्हणजे शिंकणाऱ्याचे शरीर दुबळे नसते. ते नको तेथे लढाई करीत असते. आम्ही मात्र त्या मुलीस उगाच आळशी समजलो होतो.

आपल्याकडे या कथेत काँग्रेस गवताचा अध्याय नव्याने जोडला गेला. ही मूळ अमेरिका खंडातली वनस्पती. नाव गवत असले तरी ती गवताच्या कुळातली नसून सूर्यफुलाच्या कुळातली आहे. गाजरासारखी पाने म्हणून तिला गाजर गवतही म्हणतात. सन १९५६ मध्ये पुण्यात तिची नोंद झाली आणि परदेशी गव्हाबरोबर ती आली असे सामान्यतः मानले जाते. तेथून ती सडका आणि लोहमार्ग धरून महाराष्ट्र व कर्नाटकभर पसरली. पुण्यात शेतमजुरांना तिच्या स्पर्शाने त्वचेचे चिवट विकार झाले, त्यांचा अभ्यास तेथील डॉक्टरांनी केला. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिच्या परागाचा अभ्यास करून १९९१ मध्ये असे दाखवून दिले, की त्या शहरात सुमारे ७ टक्के लोकांना तिच्या परागामुळे नाकाचा विकार होतो. हा अभ्यास करताना त्यांनीही कातडीवर टोचून परीक्षा घेतली, ती ब्लॅकलींच्याच पद्धतीची. मेक्सिकोतून आणलेला एक भुंगेरा १९८४ साली बंगळूरच्या परिसरात तिच्यावर सोडण्यात आला. तो पाने फस्त करतो खरा, पण आमच्या कलघटगीच्या सडकेकडे पाहता त्याला अजून पुष्कळ जेवावयाचे आहे.

गेल्या भाद्रपदात आम्ही विज्ञानाच्या शिक्षकबंधूंच्या साहाय्याने एक काचपट्टी घेतली, तिच्यावर व्हॅसलिनचा पातळ थर दिला आणि ती वर्गाच्या खिडकीत सकाळपासून सकाळपर्यंत ठेवली. मग नववीच्या मुलांनी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहिली. गुळगुळीत, वाटोळे आणि एकच छिद्र असलेले कण दिसले ते गवताच्या कुळातले, मका, भात यांपैकी कोणाचे तरी. त्यांच्यात मिसळून लहान लहान काटेरी गोळे होते, धोत्र्याच्या बोंडासारखे. कोठे एकटे, कोठे घोसाने. ते सूर्यफुलाच्या कुळातले, आणि व्हरांड्याच्या टोकाशी त्या कुळाचे दुसरे काही उगवत नाही. मुलांनी ते मोजण्याचा प्रयत्न केला. दोनशेपर्यंत मोजून एकाचे डोळे दुखू लागले, तेव्हा दुसरा बसला. व्हरांड्यापलीकडचे रान त्याच आठवड्यात हातमोजे घालून, नाकाला फडके बांधून, फूल धरण्यापूर्वीचे तेवढे उपटून काढले. फुलावर आलेले मात्र तसेच ठेवावे लागले, कारण ते हलवले असते तर सारा पराग वर्गात आला असता. ती विद्यार्थिनी आता हुबळीच्या महाविद्यालयात शिकते. दिवाळीच्या सुटीत ती शाळेत भेटावयास आली, तेव्हा तिला आम्ही ती काचपट्टी दाखवली. तिने डोळा लावून पुष्कळ वेळ पाहिले.